बाजारतळावरची मोकळी जागा

ती मुलगी काही केल्या उभी राहीना. झालं होतं ते एवढंच. जाड पांढऱ्या कागदातून कापलेली, नखाएवढी मुलगी. फ्रॉकचा घेर, दोन शेंड्या, दोन्हीकडे पसरलेले हात. सुईच्या टोकाने तिच्या पायाला गोंद लावायचा, चिमट्यात धरून मॉडेलमधल्या गोल जागेत टेकवायची आणि श्वास रोखून चिमटा सोडायचा. अशी कितीतरी माणसं आराधनाने आजवर उभी केली होती, बाकांवर बसवली होती, स्पंजच्या झाडांखाली सावलीला लावली होती. पण आज चिमटा त्या गोलावर गेला आणि तिच्या उजव्या खांद्यात आतून कुणीतरी हिसका दिला. मुलगी आडवी पडली. आराधनाने तिला उचललं, गोंद पुसला, पुन्हा लावला. पुन्हा तेच. दुखलं असं नव्हे. कुणीतरी दंड धरून मागे ओढावं तसं. तिने वळून पाहिलं. मागे कुणी नव्हतं. नगरच्या सावेडीतल्या त्या ऑफिसात जेवणानंतरची सुस्ती होती, पंख्याखाली नकाशांचे कोपरे उचलत होते आणि केबिनमध्ये आर्किटेक्ट अजिनाथ सर फोनवर बेलपेठच्या कुणाला तरी सांगत होते, "लहान मुलं दिसली पाहिजेत हो मॉडेलमध्ये. मुलं दिसली की लोक नाही म्हणत नाहीत." शेवटी तिने ती मुलगी गोलाच्या आत नव्हे, काठावर ठेवली आणि जरा जास्तच गोंद लावून पक्की केली. काठावर ती निमूट उभी राहिली.

बेलपेठच्या बाजारतळाचं रूप पालटायचं होतं. शेवगाव मागे टाकून नेवाशाच्या अंगाला जाताना लागणारं बेलपेठ आता खेडं राहिलं नव्हतं आणि शहरही पुरतं झालं नव्हतं. तीन बाजूंनी दुकानं, चौथ्या बाजूला एसटीचा थांबा आणि मध्ये धुळीचा ऐसपैस चौक, तोच बाजारतळ. शुक्रवारी बाजार, बाकीचे दिवस टेम्पो आणि कुत्री. सरांनी तीन पर्याय काढले होते आणि तिन्हींची मॉडेलं आराधनाने केली होती. एकात कारंजं, एकात उतरत्या पायऱ्या, एकात मुलांसाठी वाळू आणि घसरगुंडी. पण तिन्हींचा जीव त्या एकाच गोल जागेत होता. ती जागा सरांनी काढली नव्हती, त्यांना ती सापडली होती. त्यांची कामाची रीतच तशी. कागदावर रेघ ओढायच्या आधी ते गावात जाऊन कुणाच्या तरी गच्चीवर दिवसभर बसत आणि माणसं कुठे थांबतात, कुठून आडवी जातात, कुठे पाठ टेकतात याचे फोटो काढत. "चौक आपण बांधत नाही, आराधना. लोकांनी तो पायांनी आधीच आखलेला असतो. आपण नुसता वाचायचा." भर बाजाराचा असा एक फोटो तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर होता. पालाला पाल खेटलेलं, मिरचीचे ढीग, मेथीच्या जुड्या, माणसाला माणूस लागून. आणि त्या गर्दीत एक गोल तुकडा कोरा. तिथे कुणी पाल ठोकलेलं नव्हतं की पाटी मांडलेली नव्हती. येणारीजाणारी माणसंसुद्धा त्याला वळसा घालून गेलेली. "कुणी कुंपण घातलं नाही, पाटी लावली नाही. लोकांनी आपणहून मोकळी जागा राखलीय," असं सांगताना सरांचा आवाज जरा हळवा होई. आराधना त्या फोटोकडे पाही तेव्हा तिच्या घशाला कोरड पडे. उन्हाळा आहे, पाणी कमी पितो आपण, असं म्हणून ती बाटली उचली.

कोरड कशाची ते आता खांद्याने सांगितलं. मे महिना, बेलपेठला रतनबाई मावशीकडे सुट्टीला आलेली लहानगी ती, पायात नव्या चपला. मावशी बाजारात भाजी घेऊन बसायची आणि तिला सुतळीच्या पोत्यावर बसवायची. पलीकडे कुणीतरी गारेगार विकत होता, त्याची घंटा वाजत होती. घंटेकडे जायची सगळ्यात जवळची वाट त्या मोकळ्या जागेतून होती. ती पळाली. पुढचं चित्र तिला दिसत नाही, फक्त ऐकू येतं: मागून फटफटत येणारी पावलं, बांगड्या, आणि खांद्यातून आलेला, सुकी शेंग मोडावी तसा आवाज. मग आभाळ वाकडं झालं. खांदा निखळला होता. मावशीने आधी थोबाडीत दिली आणि मग तिलाच पोटाशी धरून रडली. "तिकडून न्हाई जायाचं," एवढंच म्हणत राहिली. का, म्हणून आराधनाने विचारलं असावं, कारण मावशीचा चेहरा तिला आठवतो. कोऱ्या पाटीसारखा, ज्याच्यावर कुणी काही लिहिलंच नाही असा. रविवारी ती हात गळ्यात बांधून चर्चमध्ये गेली, सगळ्यांनी लाड केले, आणि घरच्यांच्या बोलण्यात ते "आरू पडली होती" असं होऊन बसलं. ती पडली नव्हती. तिला पडू दिलं गेलं नव्हतं. पडणार कुठे होती ती? सपाट जमिनीवर माणूस पडून पडून किती खोल पडणार?

हा शेवटचा प्रश्न आला आणि मग तो निघेना. घरी आल्यावर तिने लेकीच्या, शेरॉनच्या, मऊ दंडाला हात लावून पाहिला, चार वर्षांचं हाड, आत कुठे आहे तेही कळू नये असं. नवरा, योहान, चहा करत होता. तो शाळेत गणित शिकवतो, आणि तिच्या भीतीची त्याच्याकडे एक प्रेमळ यादी आहे. "काल तुला द्राक्षात मरण दिसलं," तो म्हणाला, "म्हणून आपण द्राक्षं चिरून खातो. परवा पंख्यात दिसलं. गॅस बंद केला का म्हणून आपण सुप्याहून परत आलोय. आता बेलपेठच्या चौकाची पाळी." ती हसली. हसायलाच हवं होतं, कारण तो खोटं बोलत नव्हता. शेरॉन झाल्यापासून जग बारीक बारीक तोंडांनी भरून गेलं होतं. प्लगची भोकं, जिन्याच्या कठड्यातली फट, बादलीतलं वीतभर पाणी. ती प्रत्येकावर हात ठेवून उभी असायची, आणि आजवर त्यातलं एकही तोंड उघडलेलं नव्हतं. त्यातली भीती खरी कुठली आणि खोटी कुठली हे ओळखायची खूण तिच्याकडे नव्हती. दोघी एकाच आवाजात बोलत. दुसऱ्या दिवशी तिने सरांना विचारलंच. "त्या गोलाखाली काही असेल तर? जुना आड वगैरे?" सरांनी टाळलं नाही, नीट ऐकून घेतलं. मोजणीच्या नकाशात काही नाही, म्हणाले. कडेला खड्डा घेऊन बघितलाय, मुरूम लागला. मग चष्मा पुसत, जरा हसून, "तू आई झाल्यापासून प्रत्येक प्लॅनमध्ये कठडा मागतेस, आराधना." त्यांच्या हसण्यात कुजकेपणा नव्हता, म्हणूनच ते तिला जास्त लागलं. मावशीने मला ओढलं होतं, हे वाक्य तिने तोंडापर्यंत आणलं आणि गिळलं. शिकलेल्या बाईने ऑफिसात सांगायचं कारण ते नव्हे.

मॉडेलं बेलपेठला मांडायचा दिवस मुद्दाम बाजाराचाच धरला होता. नगरपरिषदेच्या सभागृहात तीन टेबलं, आणि बायकांना सोपं जावं म्हणून सरांनी कल्पना काढली होती की ज्याला जे आवडेल त्याने त्या मॉडेलच्या कडेला टिकली लावायची. दुपारपर्यंत घसरगुंडीवाल्या मॉडेलच्या कडा लाल, मरून, चमकीच्या टिकल्यांनी भरून गेल्या, जणू त्या चौकाला गोवर आला होता. संध्याकाळी, ऊन उतरल्यावर, शेवटचा कार्यक्रम: खऱ्या बाजारतळावर त्या मोकळ्या जागेभोवती फक्कीच्या पांढऱ्या भुकटीने गोल आखायचा, शाळेतली मुलं त्यात पळत येऊन उड्या मारतील आणि वरून ड्रोनने फोटो निघेल. योहानला परीक्षेची ड्युटी होती, म्हणून शेरॉन आईबरोबर आली होती. सकाळपासून आराधना तिचं मनगट सोडत नव्हती. घामाने ते निसटायचं, आणि दर वेळी ती ते आणखी घट्ट धरायची.

ती मावशीला शोधत पालांमधून गेली. रतनबाई तिच्या ठरल्या जागी होती, वाकलेली, तोंडात मिश्री, समोर मेथी.

"सलाम, मावशी."

"सलाम. ही व्हय शेरॉन? लई वाळली गं. लेकराला खायाला घालती का नुसते कागदाचे बंगले बांधती?"

"मावशी, लहानपणी तू मला इथं ओढलं होतंस. खांदा निखळला होता माझा."

"आजून तेच धरून बसली का तू?" मावशी शेजारणीकडे बघून म्हणाली, "बघ गोजरे, एक डाव वढली तर भाची जल्मभर इसरत न्हाई, आन् रोज खाऊ घातला त्यो गेला वाऱ्यावर."

"राग नाही गं. का ओढलंस, एवढंच सांग."

मावशीचे हात जुडीवर थांबले. तोच चेहरा परत आला, कोऱ्या पाटीचा. "तिकडून जात न्हाईत."

"पण का?"

"मला आमच्या आईनं वढलं हुतं. ह्योच दंड. लग्नात बांगड्या भरताना बी ठणकत हुता."

"आणि तिला?"

"तिला तिच्या आईनं वढलं आसंल. आता ह्ये काय इचारायचं आसतं का?"

कांद्याच्या ढिगामागून गोजरबाई म्हणाली, "देवाची जागा हाय ती, बाई."

"कुठल्या देवाची?"

"ते काय म्हाईत न्हाई ब्वा. आपून बसत न्हाई तिथं. पानी साचतंय म्हनत्यात."

"पानी कुठं साचतंय?" मावशी फिसकन हसली. "सगळं तळ तुंबलं तरी तिथं थेंब ऱ्हात न्हाई. मुरतंय समदं. तुज्या कांद्याच्या पैशावानी."

गोजरबाई हसली, शेरॉन कारण न कळता हसली. आराधनाला हसू आलं नाही. सगळं तळ तुंबतं आणि तिथं थेंब राहत नाही. मुरूम एकाच जागी असं पाणी पीत नाही, एवढं तिला कॉलेजात शिकवलं होतं. आणि त्याहून वाईट हे: कुणालाच माहीत नाही. एवढा बाजार, एवढी वर्षं, आणि कारण कुणाजवळ उरलेलं नाही. उरलाय फक्त हिसका, आईच्या हातातून लेकीच्या दंडात, लेकीच्या हातातून तिच्या लेकीच्या. आणि तो हिसका जिथे पोचत नाही तिथे सरांचा फोटो लागलाय, मोकळी जागा, लोकांनी आपणहून राखलेली. उद्या इथे वाळू पडेल, घसरगुंडी उभी राहील, आणि आया बाकावर बसून मोबाईल बघतील, कारण मुलांसाठीच केलेल्या जागेवरून मुलांना कोण ओढतं?

फक्कीवाला आला होता. म्हातारा माणूस, कुस्तीची आणि कबड्डीची मैदानं आखणारा, डब्याला खालून भोकं पाडलेली. मागे मागे चालत तो पांढरी रेघ सोडत होता. आराधना काठाशी उभी राहून बघत होती. बघणं हे एकच काम तिला चोख येत होतं. रेघ गोलाच्या निम्म्याहून पुढे गेली आणि मागे एका जागी ती तुटलेली दिसली. म्हातारा परत आला, त्याने तिथे पुन्हा फक्की सोडली. दोघांच्या देखत ती पांढरी भुकटी मधोमध खचली, कडेने घरंगळली आणि नाहीशी झाली. "वारं हाय," तो म्हणाला. पालांची कापडं मेल्यासारखी लटकत होती. आराधना खाली बसली. धुळीखाली दगडाची कड होती, तासलेली, वळण घेत गेलेली, आणि दोन दगडांमध्ये बोटसुद्धा जाणार नाही अशी फट. तिने शेरॉनच्या गळ्यातली पाण्याची बाटली काढून तिथे उपडी धरली. पाणी पसरलं नाही. माती भिजल्याचा वासही आला नाही. ते सरळ गेलं. तिने कान जमिनीजवळ नेला. आजूबाजूला भाव चालले होते, कुठेतरी टेम्पो मागे घेत होते, आणि त्या सगळ्याच्या खाली, फार उशिरा, इतक्या उशिरा की ती आता उठणारच होती, एक आवाज आला. थेंबाचा, बंद खोलीत पडलेल्या. की नाही आला? आपल्या कानातलाच तो? ती हात टेकून तशीच राहिली. तिच्या तळहाताखाली जमीन अगदी शांत होती, झोपेचं सोंग घेतलेल्या माणसासारखी.

सर ड्रोनवाल्याला घेऊन घाईत आले. तिने दाखवलं. त्यांनी वाकून पाहिलं, बुटाने धूळ सरकवली. "घुशी," ते म्हणाले. "बाजारात धान्य सांडतं, घुशी असणारच. बुजवून घेऊ." "सर, खाली दगडाचं बांधकाम आहे. पाण्याचा आवाज आला." "आला की वाटलं?" त्यांनी खरंच विचारलं, टोमणा म्हणून नव्हे, आणि तिला खरं बोलायची सवय होती. "वाटलं असेल," ती म्हणाली. तेवढं पुरलं. सर पुढे गेले. एसटी थांब्याकडून शिट्टी ऐकू आली. शाळेची मुलं रांगेत येत होती, निळे चौकडीचे सदरे, पुढे पीटीचे मास्तर. शिट्टीसरशी शेरॉनचं मनगट तिच्या मुठीत फिरलं. "मम्मा, मी पण जाऊ ना उड्या मारायला?" शेरॉनला उचलून एसटीत बसावं, नगरला जावं, दार लावून घ्यावं, आपल्यापुरतं ओढून घ्यावं, मावशीसारखं, तिच्या आईसारखं. हे इतकं सोपं होतं की तिचे पाय थांब्याकडे वळलेसुद्धा. त्या मुलांच्या आया कुठे होत्या? आपापल्या पालांमागे, हात कांद्यात, मेथीत. शाळेने नेलेल्या मुलांना कुणी ओढत नसतं.

ती थांब्याकडे गेली नाही, सभागृहात आली. शेरॉनला कडेवर घेऊन, जवळजवळ पळतच. घसरगुंडीवाल्या मॉडेलभोवती बायका होत्या, बाजार आटपून टिकली लावायला आलेल्या. गोजरबाईही नातवाला घेऊन पुढे उभी होती. आराधनाने शेरॉनला खाली ठेवलं आणि पिशवीतून कटर काढला. मॉडेल नेताना काही निखळलं तर लागतो म्हणून तो तिच्याकडे कायम असे. बोलून काय सांगणार होती ती? वाटलं असेल, एवढंच तिच्याजवळ होतं. हाताला मात्र वाटत नव्हतं, हाताला माहीत होतं. तिने पातं गोलाच्या कडेला टेकवलं आणि दाबलं. "ओ मॅडम, काय करताय?" दारातला शिपाई म्हणाला. "साहेब बोलतील मला." पातं सनबोर्डाच्या जाड पुठ्ठ्यातून करकरत फिरलं, वाळू म्हणून चिकटवलेली पिवळी पावडर उडाली, घसरगुंडी कलंडली. वर्तुळ पुरं झालं आणि तिने बोटाने ढकललं तशी चकती आत पडली. मॉडेलचा तळ पोकळ असतो हे ते करणाऱ्यालाच ठाऊक असतं. खाली खोक्यातला अंधार होता. तिला रंगवावा लागला नाही. हिरव्या लॉनच्या, पांढऱ्या बाकांच्या, स्पंजच्या झाडांच्या मधोमध तो गोल काळा उघडा पडला, इतका नेमका आपल्या जागी, की त्याच्याशिवाय हा चौक आजवर कसा दिसत होता हेच तिला आठवेना.

गोजरबाई त्या काळ्या गोलाकडे पाहत होती. पाहता पाहता तिचा हात बाजूला गेला, न बघता, आणि तिने नातवाचा दंड धरून त्याला मागे ओढलं. पोरगं कळवळलं. तिच्या पलीकडच्या बाईनेही लेकीला ओढलं होतं. मग तिसरीने. टेबलाला खेटून उभी असलेली गर्दी हातभर मागे सरली आणि तिथेच थांबली, गोल करून.

"आड हुता म्हनं तिथं," एक म्हातारी हळूच म्हणाली.

"कोन म्हनलं?"

"कुनी न्हाई," ती म्हणाली. तिच्या स्वतःच्याच चेहऱ्यावर भीती होती, हे वाक्य आपल्या तोंडातून कुठून आलं याची.

सर दारात उभे होते. तिला बोलवायला आले असावेत. आधी त्यांनी फाडलेलं मॉडेल पाहिलं आणि त्यांचा चेहरा लाल झाला, आणि आराधनाने मान खाली घातली, नोकरी गेली म्हणून, वेडी ठरले म्हणून. तिने वर पाहिलं तेव्हा सर मॉडेलकडे बघतच नव्हते. गच्चीवरून बघावं तसं ते बायकांकडे बघत होते: त्या कुठे थांबल्या, कुठवर थांबल्या, आणि प्रत्येकीची मूठ एकेका लहान दंडावर कशी आवळलेली आहे. बाहेर मास्तरांची लांब शिट्टी सुरू झाली होती. सरांनी फोन कानाला लावला. "मुलांना आत सोडू नका," ते म्हणाले. आवाज चिरका निघाला, म्हणून पुन्हा म्हणाले. "नाही, फोटो नको. मागे घ्या सगळ्यांना. दोरी बांधा. लांब. नाही हो, अजून लांब."

शिट्टी मध्येच तुटली. आराधना टेबलापाशी खालीच बसली. शेरॉन जवळ आली, टाचा उंचावून मॉडेलमध्ये डोकावली. आराधनाचा उजवा हात उठला, थेट त्या दंडाकडे, बोटं वळलेली; खांद्यातून तो हिसका निघालाही होता. तिने तो मध्येच पकडला. घट्ट मिटलेली मूठ तिने दुसऱ्या हाताने उघडली, शेरॉनचा तळवा आपल्या तळव्यात घेतला आणि जे त्या गावात कुठल्याच आईने सांगितलं नव्हतं ते सांगितलं. "बघ, इथं खाली आड आहे. खोल आहे. म्हणून इथं जायचं नाही." शेरॉनने नीट ऐकलं, मान हलवली. मग काठावर उभ्या असलेल्या त्या कागदी मुलीकडे तिचं लक्ष गेलं. फ्रॉकचा घेर, दोन शेंड्या, पसरलेले हात, आणि पायापाशी लगेच काळं. तिला कुणी शिकवलं नव्हतं. तिला आजवर कुणी ओढलंही नव्हतं. तिने दोन बोटं पुढे केली, मुलीचा दंड चिमटीत धरला आणि झटकन मागे ओढलं.

गोंद पक्का होता. मुलगी काठावरून हलली नाही. तिचा हात तेवढा शेरॉनच्या चिमटीत आला.